खोबरेल लावलेली मूठ

नक्कल करणं हा माझा धंदा आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही. जुन्या विमानात वैमानिक बसतो त्या खोपच्याला कॉकपिट म्हणतात. तिथले हरवलेले, मोडलेले भाग मी नव्याने करून देते. विमान वळवायच्या दांड्याची मूठ, लिव्हरचे गोळे, तबकड्या बसवायचा पत्रा, बसायच्या जागेचा सांगाडा. ही विमानं आता उडत नाहीत. कुणाच्या संग्रहात, कुठल्या कॉलेजच्या दारात, कधी सिनेमाच्या सेटवर उभी असतात. लोक विचारतात, मग एवढा काथ्याकूट कशाला? उडायचं तर नाही! मी म्हणते, उडायचं नाही म्हणूनच. उडणारं विमान कोणी ना कोणी सारखं तपासत असतं. उभ्या विमानाला कोणी विचारत नाही. त्याचं त्यालाच टिकावं लागतं.

माझी शेड उरणच्या बाजूला, खाडीच्या काठी आहे. आजोबा आणि वडील मिठागरात राबले. मिठागर गेलं. तिथे आता कंटेनरच्या थप्प्या आहेत आणि माझा भाऊ तेच कंटेनर ट्रेलरवर घालून देशभर फिरतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. मेकॅनिकलची डिग्री आहे माझ्याकडे. ज्यांच्या घरी आजोबांपासून इंजिनियर आहेत त्यांना माझं हे सांगणं फुशारकी वाटतं. वाटू दे. पहिल्या वर्षी ड्रॉइंगची शीट समजावून द्यायला त्यांच्या घरात माणूस होता. आमच्याकडे मी शीट पसरली की चुलीपाशी बसलेली आई म्हणायची, "उचल गो ती चादर, पीठ सांडंल त्यावर."

डिग्रीनंतर काही वर्षं प्लास्टिकचे साचे करणाऱ्या एका कारखान्यात काढली. मग जुन्या मोटारींची बटणं करायला लागले, तिथून विमानांत शिरले. भाऊ अजून चिडवतो. "मी चालवतंय तो ट्रेलर खरा हाय. तुझा विमान खोटा!" मी त्याला सांगते, तुझ्या खऱ्या ट्रेलरच्या गिअरचा गोळा फुटला तेव्हा कोणी करून दिला रे? 

एका उन्हाळ्यात अलिबागकडच्या नागावचे एक रिसॉर्टवाले माझ्याकडे आले. नागाव आमच्या उरणातही आहे, पण हे रेवसच्या पलीकडचं, नारळीच्या वाड्यांचं, पर्यटकांचं. त्यांनी शिकाऊ वैमानिकांचं दोन माणसांचं एक जुनं विमान भंगारातून उचललं होतं. वाडीत समुद्राच्या बाजूला ते उभं करायचं, शिडी लावायची, लोकांना आत बसवायचं, वरची काच ओढायची, फोटो काढायचा. दिवाळीच्या गर्दीआधी तयार हवं. मी जाऊन पाहिलं. बाहेरून बरं होतं. आत भोकं, लोंबणाऱ्या वायरी आणि उंदराने केलेलं घर.

मालक माणूस वाईट नव्हता. पण त्यांच्याबरोबर मुंबईचा एक डिझायनर होता. रिसॉर्टची सगळी सजावट त्याच्याकडे होती आणि विमान हे त्याला सजावटच वाटत होतं.

"मूठ, लिव्हर, पॅनल, सगळं थ्रीडी प्रिंट करू," तो म्हणाला. "वरून काळा रंग, थोडं घासून जुनं दाखवू. आठवड्यात रेडी. मॅडमनी फक्त मापं काढून द्यायची."

"मापं काढायला मी कशाला? ती तुमचा मोबाइल पण काढतो."

मालक मध्ये पडले. "ताई, रागावू नका. तुमचं काय म्हणणं?"

मी सांगितलं. पॅनल अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं. मूठ कापडी बेकलाइटची, म्हणजे सुती कापडाचे थर राळेत दाबून केलेला ठोकळा असतो, तो कोरून. लिव्हरचे गोळेही त्याचेच.

"मॅडम, कोण बघणार आहे?" डिझायनर हसला. "पब्लिक येणार, फोटो काढणार, निघून जाणार."

"बघणार कोणीच नाही. धरणार सगळे."

"आमचं प्लास्टिक साधं नाही हां. गाड्यांच्या डॅशबोर्डला लागतं ते."

"गाडी रात्रंदिवस किनाऱ्यावर उभी करून तिचा डॅशबोर्ड दिवसभर कोणी पिरगाळत बसत नाही."

मी मिठागरवाल्यांची हे त्याला बोलता बोलता कळलं होतं. तो मालकांकडे वळून म्हणाला, "मिठागरातली माणसं ना ही, यांना सगळीकडे गंजच दिसतो."

माझं डोकं फिरलं, पण आवाज चढवला नाही. म्हटलं, "दिसतो. कारण आम्ही तो बघितलाय."

खोटं नव्हतं ते. मिठागरात मीठ ओढायची लाकडी पावडी असते, तिला लोखंडी खिळा नसतो. लाकडाची खुंटी ठोकतात. खिळा दोन हंगामात फुगतो आणि लाकूड फाडतो. पुढे कॉलेजात धातूंच्या गंजण्यावर धडा आला तेव्हा वर्गातली बाकीची मुलं पाठ करत होती. मला पाठ करायची गरज पडली नाही, फक्त त्यामागचं कारण नवीन होतं. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम यांची सोयरीक खाऱ्या हवेत टिकत नाही. पितळेचा स्क्रू मजेत राहतो आणि त्याच्याभोवतीचा पत्रा पांढरी भुकटी होऊन गळतो. दोघांच्या मध्ये फायबरचा वॉशर घालून त्यांना वेगळं ठेवावं लागतं. विमानाचं मूळ चित्र हे सांगत नाही, कारण ते काढणाऱ्याच्या विमानाला नागावच्या समुद्रासमोर बारा महिने उभं राहायचं नव्हतं.

मी मालकांना म्हटलं, "एक पावसाळा काढू द्या."

आमच्याकडे हे नवं नाही. होडी असो, कौलं असोत, नाहीतर नवा जावई, एक पावसाळा काढल्याशिवाय त्याच्याबद्दल कोणी चांगलं बोलत नाही. "तुमच्या मुठीचे तुकडे द्या, माझे मी करते. दोन्ही माझ्या पडवीत खाडीच्या वाऱ्याला टांगते. प्लास्टिक टिकलं तर मी स्वतः मापं काढून देईन आणि गुमान घरी जाईन. नाही टिकलं तर आतलं काम मी करणार, माझ्या मालाने."

पावसाळ्यात नागाव ओस असतं. मालकांचं काही अडत नव्हतं. "चालेल," म्हणाले. डिझायनरने खांदे उडवले.

मला हे काम हवं होतं, हे इथेच सांगते. माझी बाकी सगळी कामं खोक्यात भरून लांब जात. कुणाच्या बंद दालनात, कुणाच्या बंगल्यात. आईने माझ्या हातची एक मूठही कधी विमानात बसलेली पाहिली नव्हती. गावातल्या बायकांना ती सांगायची, "काय तरी गुंड्या करते." हे एकच विमान असं होतं की लाँचने रेवसला उतरून माझी माणसं तिथे जाऊ शकली असती आणि आत बसू शकली असती. ते मला रंगवलेल्या प्लास्टिकला द्यायचं नव्हतं.

मृगाच्या आधी मी पडवीत दोरी बांधली आणि तुकडे टांगले. प्लास्टिकच्या मुठी डिझायनरने पाठवल्या होत्या, आत पितळेचा बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी आखूड नळी, दाबून बसवलेल्या, अगदी विमानात बसतील तशा. माझ्या कापडी बेकलाइटच्या मुठी. शिसवीच्या लाकडाची एक, कारण माझ्याही मनात शंका होती. पत्र्याचे तुकडे, वॉशर घातलेले आणि न घातलेले. सीटच्या चामड्याची पट्टी. भाऊ ट्रेलर लावून आला आणि दारातच थांबला. "आय, या वर्षी बोंबील कालं कशे?"

बेकलाइट कोरणं म्हणजे शिक्षाच असते. उग्र, औषधासारखा वास सुटतो आणि तपकिरी भुकटी नाकातोंडात जाते. मास्क लावूनही संध्याकाळी जेवणाला चव लागत नाही. पण हात फिरवला की कळतं. ते ना धातूसारखं गार असतं, ना प्लास्टिकसारखं पोकळ वाजतं. जुन्या काळ्या स्विचचं बेकलाइट पडलं की फुटतं. कापडाचं फुटत नाही, चिवट असतं. शिवाय वरचा काळा रंग हातांनी झिजला की खालून तपकिरी डोकावतो आणि ते शोभतं. प्लास्टिकचा रंग झिजला की खालून प्लास्टिक दिसतं. त्याला काय शोभणार?

मी जुन्याची आंधळी भक्त आहे असं मात्र कोणी समजू नये. त्याच दिवसांत एका भंगारवाल्याने मला अस्सल जुन्या तबकड्या देऊ केल्या, काटे अंधारात चमकायचे त्या काळातल्या. मी हातही लावला नाही. ती चमक रेडियमची. चमक कधीच मेली, रेडियम आहे तिथेच आहे. पोरंटोरं जिथे बसणार तिथे ते ठेवायचं? तबकड्यांचे आकडे मी नव्याने छापायचे ठरवले आणि वर काच न घालता अ‍ॅक्रिलिक घालायचं. म्हणजे प्लास्टिकच. मुलांच्या तोंडासमोर फुटणारी काच नको म्हणून. जिथे जे योग्य तिथे ते. माझं भांडण प्लास्टिकशी नव्हतं. 'कोण बघणार आहे' याच्याशी होतं.

काम मिळालंच तर दिवाळीआधी वेळ पुरावा म्हणून श्रावणात मी सीटचं माप घ्यायला नागावला गेले होते. परत आले तर पडवीतली दोरी लखलखत होती. मुठी, पत्रे, चामडं, सगळं तुकतुकीत. जवळ जाऊन वास घेतला. खोबरेल. तेही खवट.

"आई! हे काय केलंस?"

ती आतून हात पुसत आली. "काय म्हंजे? लावणी आटपली. विळे, कोयते धुवून तेल चोळला नि टांगला. तुझीपन अवजारं व्हती बाजूला, त्यांना काय वाऱ्यावर सोडू?"

"ती अवजारं नाहीत गं!"

"मंग पावसात कशाला टांगलंस? गंजली असती ना."

"गंजावीत म्हणूनच टांगली होती!"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की बस. आयुष्यभर ज्या बाईने मिठापासून लोखंड वाचवलं, तिच्या पोरीने शिकून सवरून वस्तू गंजायला टांगाव्या! "कालेजात ह्येच शिकवलं काय गो?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. 

माझी परीक्षा पाण्यात गेली होती. तेल लागलं म्हणजे खारा वारा आत पोचणार नाही आणि मालक म्हणणार, तुम्ही तर तुकडे जपून ठेवलेत. पहिल्यापासून सुरू करायला पावसाळा उरला नव्हता. चिडून मी दोरीकडे बघायचंच सोडलं.

मग एक दिवस ट्रेलरच्या किल्ल्या अडकवायला भाऊ पडवीत गेला आणि त्याचा हात एका मुठीला लागला. "गो, ही तडकली," म्हणाला.

प्लास्टिकची मूठ होती. पितळेचा बुश बसवलेल्या जागेपासून केसासारख्या बारीक रेघा वर चढल्या होत्या. दाबलं तर कड निघून हातात आली. दुसरी पाहिली, तिचंही तेच. बेकलाइटच्या मुठी, लाकडाची मूठ, जशाच्या तशा, उलट तेल पिऊन गडद झालेल्या. कारखान्यात असताना मी हे पाहिलं होतं. काही प्लास्टिकं ताण असलेल्या जागी तेल लागलं की तडकतात. मला माहीत होतं आणि तरी मी मीठ, ऊन, पाऊस एवढाच विचार केला होता. हाताचा नाही. नागावला येणारा माणूस केसांना तेल लावलेला असतो, सुरमई खाऊन आलेला असतो, नाहीतर अंगाला उन्हाचं क्रीम फासलेला असतो. तो दांडा धरणार, तो कसल्या हाताने?

पण चुकून झालेल्या गोष्टीवर मी विसंबत नाही. माझ्यासारख्यांचं बोलणं लोक आधीच अर्धं ऐकतात, त्यांना आणखी एक पळवाट कशाला द्या? डिझायनरकडून त्याच्याच मुठी पुन्हा मागवल्या. त्यांच्या आणि माझ्याही जोड्या केल्या. प्रत्येक जोडीतल्या एकीला तेल, एकीला नाही. तेलाचं काम आईकडे दिलं.

"आता तूच लाव. रोज."

"रागावशील नि मागून."

"नाही रागावत. पण ह्यांनाच लाव. ह्यांना हात नाही लावायचा."

"ह्यांनी काय पाप केलंय?" ती म्हणाली, पण केलं बरोबर, गणपतीच्या धावपळीतसुद्धा.

नवरात्रात मी सगळ्या जोड्या पिशवीत घालून लाँचने रेवस गाठलं आणि नागावला मालकांच्या टेबलावर मांडल्या. तेल न लावलेल्या प्लास्टिकच्या मुठी ठीक होत्या. रंग उडालेल्या, पण ठीक. तेही मी लपवलं नाही. तेल लावलेल्या सगळ्या बुशापाशी तडकलेल्या. माझ्या मुठी, तेल लावलेल्या काय न लावलेल्या काय, सारख्याच.

डिझायनरने एक उचलली. "तेल लावून कोणीही तोडेल. हे फाउल आहे, मॅडम."

"मग शिडीपाशी पाटी लावा. तेल लावणाऱ्यांनी आत बसू नये. आमच्या जिल्ह्यातलं तर कोणी उरणार नाही. तुमच्या मुंबईचे बसतील, क्रीम धुऊन."

मालकांना हसू आवरेना. मग त्यांनी माझी एक मूठ हातात घेतली, टेबलावर आपटली, खिडकीपाशी नेऊन पाहिली. "आतलं काम तुम्ही करा, ताई," म्हणाले. मी श्वास सोडला, तोच पुढे म्हणाले, "फक्त थोडं जुनं करून द्या. घासून, रंग उडवून. नवं नवं दिसलं तर मजा नाही."

"नाही."

"अहो, एवढंच तर..."

"मी भाग नवे करते आणि नवे म्हणून देते. न झालेल्या झिजेचा देखावा मी करत नाही. तुमची गिऱ्हाईकं येतील, धरतील, पिळतील. होईल जुनं."

"मी करून देतो की जुनं," डिझायनर पटकन म्हणाला. "फिटिंग झाल्यावर आमची मुलं मारतील सँडपेपर."

"मग फिटिंगच होणार नाही." मी मुठी पिशवीत भरायला लागले.  आईचं ते 'काय तरी गुंड्या करते' कानात होतं. काम जाणार असं मला खरंच वाटलं. जाऊ दे, वाटलं. एवढा पावसाळा काढलेल्या वस्तूला मी खोट्या सुरकुत्या पाडू देणार नव्हते.

मी अर्ध्या वाडीपर्यंत पोचले तेव्हा मालक मागून आले. "ताई, थांबा. बाहेरचा रंग त्याचा. आत तो हात घालणार नाही." मग म्हणाले, "तुम्ही फार हट्टी आहात."

"आहे," मी म्हटलं.

दिवाळी झाल्यावर मी आईला घेऊन गेले. लाँचमध्ये तिने नवी साडी वाऱ्यापासून सांभाळली आणि मला सतरांदा विचारलं की आत बसल्यावर विमान हलतं का. वाडीत रांग होती. शिडीपाशी डिझायनरची पाटी होती. हात स्वच्छ पुसूनच आत बसावे. पाटीखाली एक गार्ड कागदी रुमाल घेऊन उभा.

आमची पाळी आली. आईने त्याच सकाळी वेणी घातलेली, तळव्यांना खोबरेल अजून होतं. तिने पाटी वाचली नाही, पण गार्डच्या हातातला रुमाल बघून समजली आणि पदराला हात पुसायला लागली.

"पुसू नको," मी म्हटलं.

"मॅडम, सूचना आहे," गार्ड म्हणाला.

"ती प्लास्टिकच्या मुठीसाठी हवी होती. ही मूठ मी केलीय. चढ, आई."

ती शिडी चढली, साडी सावरत आत बसली. मी बाजूला उभी राहून दांडा दाखवला. तिने आधी एका बोटाने मूठ चाचपली, मग विळ्याची धरतात तशी घट्ट धरली.

"कवरी गुलगुलीत हाय गो." तिने तळवा उचलून पाहिलं. काळ्या मुठीवर तिच्या हाताचा तेलकट ठसा उमटला होता. "ह्योच तेल लावलेला ना मी?"

"हेच."

"मंग रागावलीस कशाला?" आणि दांडा मागे ओढला. "वढला, तरी विमान उठला न्हाय."

मागे रांगेत कोणीतरी पोराला समजावत होतं, आता आपला नंबर. गार्डने घड्याळाकडे बोट दाखवलं. "मावशी, उतरा आता, बाकीचे थांबलेत."

आईने दांडा सोडला नाही. दुसराही हात मुठीवर ठेवला.

"थांब रे," ती म्हणाली. "माझ्या पोरीची हाय."